गावच्या किनाऱ्याची धूप थांबवायचीय? अर्ज, परवानगी आणि पैसा, कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर

मे महिना संपला, मंडळी गावाहून बडोद्याला परतली, की दांडिया बाजारात नाहीतर राजमहाल रोडवर भेटल्यावर पहिला विषय हाच, यंदा समुद्र किती आत आला. मग कुणीतरी ग्रुप काढतं, एक अर्ज टाइप होतो, "आमच्या गावाला धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर करावा", खाली चाळीस सह्या, आमदार, खासदार, पालकमंत्री, सगळ्यांना कॉपी. दोन वर्षं जातात आणि पुन्हा तोच अर्ज नव्या तारखेनं निघतो. आमच्या गावचं (रत्नागिरी जिल्हा, नाव मुद्दाम देत नाही) अगदी असंच झालं. त्या दोन वर्षांत सात माड पडले. चूक भावनेत नव्हती, क्रमात होती. आपण उपाय मागतो आणि सरकारी फाइलला आधी प्रश्न मोजलेला लागतो, पैसा त्यानंतर येतो.

हे सगळं महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुरतं लिहितोय. ज्यांचं गाव गुजरातच्या बाजूला, उमरगाव-वलसाडकडे आहे, त्यांच्याकडे खाती वेगळी, पण टप्पे साधारण हेच.

आधी हे कळू दे: कोण काय करतं

ग्रामपंचायत बंधारा बांधत नाही, तिच्याकडे तेवढा पैसा नाही आणि तेवढे इंजिनिअर तर नाहीतच. पंचायत मागणी नोंदवते, ठराव करते, जागेची माहिती देते आणि नंतर राखण करते. तांत्रिक काम पत्तन (म्हणजे बंदर) विभाग आणि महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. पर्यावरणाची परवानगी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या वाटेनं. जिल्ह्याचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून, आपत्तीचा पैसा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडून वर सरकत सरकत. चार दारं आहेत आणि चौघांना चार वेगळी कागदपत्रं लागतात, एकच अर्ज चौघांना पाठवला की चौघंही तो दुसऱ्याकडे वर्ग करतात.

आणि आपण बडोदेकर? ग्रामसभेत फक्त गावच्या मतदार यादीतली माणसं बसतात. आपलं नाव इथल्या यादीत, त्यामुळे जमीन आपल्या नावावर असली तरी ठराव आपण करू शकत नाही. तो गावात राहणाऱ्यांनीच करायचा. आपलं काम म्हणजे पुरावा गोळा करणं, कागद नीट लावणं, फोन करणं, प्रवासखर्च उचलणं. हे लहान काम समजू नका, निम्मी फाइल यावरच उभी राहते.

टप्पा १: मोजमाप. इथे वर्ष गेलं तरी चालेल

पावसाळ्यात किनारा बारीक होतो. नैऋत्येच्या लाटा वाळू ओढून समोर पाण्यात नेतात, दिवाळीनंतर लाटा शांत झाल्या की तीच वाळू हळूहळू परत येते आणि मेपर्यंत किनारा भरतो. हे दरवर्षीचं येणंजाणं आहे, धूप नाही. धूप म्हणजे मे ते मे बघितलं तर किनारा कमी झालेला दिसतो ती. आमच्या पहिल्या अर्जाला सगळे फोटो ऑगस्टचे होते, फेसाळलेला समुद्र, वाकलेला माड, बघून कुणालाही वाईट वाटेल, पण त्यातून सिद्ध काहीच होत नव्हतं आणि फाइल परत आली.

काय करायचं ते सांगतो. गावात न हलणाऱ्या तीन-चार खुणा निवडा. विहिरीचा कठडा, देवळाचं जोतं, शाळेचा कोपरा. प्रत्येक खुणेपासून समुद्राच्या दिशेनं सरळ टेप लावा आणि जिथे हिरवळ संपून उघडी वाळू सुरू होते तिथपर्यंतचं अंतर लिहा. पाण्यापर्यंत मोजू नका, पाणी दर तासाला हलतं. ज्यांनी कावी-कंबोईला स्तंभेश्वर बघितलंय त्यांना हे समजवायला नको, ओहोटीला गेलात तर देऊळ, भरतीला गेलात तर नुसतं पाणी. कोकणात भरतीचा फरक खंबातच्या आखातापेक्षा पुष्कळ कमी, पण चूक तीच होते.

वर्षातून दोनदा मोजा, मेच्या मध्यात आणि ऑक्टोबरच्या शेवटी. वहीत तारीख, वेळ, भरती की ओहोटी, कुणी मोजलं, सगळं. फोटो दरवेळी त्याच जागी उभं राहून, त्याच दिशेला, आणि फोटोत ती खूण दिसलीच पाहिजे.

आता जुना पुरावा, इथे बडोदेकरांची खरी मदत. माळ्यावरचे अल्बम काढा. आमच्या काकूंकडे १९८७ च्या मे महिन्यातला एक फोटो निघाला, मुंजीला सगळे गावी जमलेले, मागे विहीर आणि विहिरीच्या पलीकडे माडांच्या तीन ओळी स्पष्ट. आज एक ओळ आहे, तीही अर्धी, मुळं बाहेर लोंबतायत. पाहणीला आलेल्या इंजिनिअरांनी आमचा चार पानी अर्ज उलटून बाजूला ठेवला, त्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, ही विहीर अजून आहे का? होती. माडाच्या दोन ओळींमधलं अंतर माहीत होतं, विहीर जागेवर होती, हिशोब तिथल्या तिथे झाला.

उपग्रहाची चित्रंही लावा. गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं फुकट दिसतात. लँडसॅटची १९७० च्या दशकापासूनची मिळतात, पण ती ढोबळ असतात. सेंटिनेलच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे तीन मीटर जमीन गेली तर ती त्यात दिसणारच नाही. दिशा कळायला चित्र आणि आकडा द्यायला टेप, असं धरा.

> सावधान: राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ च्या अभ्यासात देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी साधारण ३३.६ टक्के धुपतोय, २६.९ टक्के भरतोय, बाकी स्थिर. महाराष्ट्रात धुपणारा भाग सुमारे चौथा हिस्सा आणि बराचसा किनारा स्थिर म्हणून नोंदलेला. तुमचं गाव त्या नकाशात स्थिर पट्ट्यात असेल तर कार्यालय तेच दाखवणार. तो नकाशा आधीच बघून ठेवा आणि तुमची मोजमापं त्याच्या शेजारी लावा.

टप्पा २: वाळू गेली कुठे, हे विचारा

समुद्र आत आला असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा वाळू येणं थांबलेलं असतं. किनाऱ्यावर वाळू आडवी सरकत असते. वाटेत जेटी, धक्का, शेजारच्या वाडीचा बंधारा काहीही आडवं आलं की एका बाजूला साचते आणि दुसरी बाजू उपाशी राहते. पुदुच्चेरीचं उदाहरण घ्या, १९८० च्या दशकात बंदराच्या भिंती झाल्या, दक्षिणेला वाळू साचली आणि उत्तरेला शहरासमोरचा किनारा नाहीसा झाला. तो परत आणायला वाळू टाकून पाण्याखाली आडोसा करावा लागला, २०१८ च्या सुमारास. शहरासमोर आधीपासून दगड होतेच, पण दगडांनी वाळू परत आली नव्हती.

म्हणून दोन्ही बाजूंना तीन-चार किलोमीटर चालत जा आणि यादी करा. कुठली जेटी कधी झाली, खाडीच्या तोंडाशी गाळ कधी काढला, वाळू कुणी उपसली, वरच्या अंगाला नदीवर धरण कधी झालं, वाळूचे उंचवटे सपाट करून रिसॉर्ट कधी झालं. धूप कुठल्या वर्षापासून वाढली ते गावातल्या रापणवाल्यांना विचारा, जाळं लावायची जागा कधी बदलावी लागली हे त्यांना नेमकं आठवतं. दोन तारखा जुळल्या तर ते लिहा, पण आरोपाच्या भाषेत नको, फक्त तारखा.

टप्पा ३: काय वाचवायचंय त्याची यादी

घरं किती, राहती किती आणि मेमध्येच उघडणारी किती (हे खरं लिहा, कळतंच), गोड्या पाण्याच्या विहिरी, रस्ता, विजेचे खांब, स्मशानभूमी, होड्या ओढायची जागा, माड आणि पोफळी. प्रत्येकापुढे आजच्या काठापासूनचं अंतर. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या, सातबारावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र यातला फरक हा सगळ्यात वजनदार कागद. मोजणीला खातेदारांच्या सह्या लागतात आणि खातेदार निम्मे बडोदा, मुंबई, पुण्यात, त्यामुळे हे काम मेमध्ये सगळे गावात असतानाच लावा, नाहीतर वर्ष गेलं.

तपासा: यादी वाचून गावाबाहेरच्या माणसाला कळतंय का की पाच वर्षांत काय जाईल आणि वीस वर्षांत काय जाईल? दोन्ही एकत्र लिहिलं असेल तर वेगळं करा.

टप्पा ४: ग्रामसभेचा ठराव, शब्द जपून

इथे सगळ्यात जास्त फाइली अडकतात. ठरावात "बंधारा बांधून मिळावा" लिहिलं की तुम्ही उपाय स्वतः ठरवून टाकला, मग पुढे तज्ज्ञांनी दुसरं सुचवलं तर ठराव बदलायला परत ग्रामसभा. असं लिहा:

"मौजे अमुक, तमुक वाडीसमोरील सुमारे ३५० मीटर किनाऱ्याची धूप होत असून सोबत मोजमापांचा तक्ता, छायाचित्रे व बाधित मालमत्तांची यादी जोडली आहे. सदर धुपेची कारणे तपासून योग्य उपाय सुचवण्यासाठी तांत्रिक पाहणी करण्यात यावी व त्यानुसार अंदाजपत्रक तयार करण्यात यावे. उपाययोजना पूर्ण झाल्यावर तिची नियमित पाहणी ग्रामपंचायत करील व त्यासाठी दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद ठेवील."

शेवटचं वाक्य गाळू नका, त्याचं कारण पैशाच्या टप्प्यात येईल. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. आमच्याकडे एकदा ४५ माणसं जमली आणि उत्साहात ठराव झाला, नंतर हजेरीपट बघून तो परत आला. आणि कोळीवाड्याची माणसं त्या सभेत असलीच पाहिजेत. ज्यांच्या होड्या त्या वाळूवर लागतात त्यांच्या समोर दगडांची रांग टाकायचा निर्णय बागायतदारांनी एकट्यानं घेतला तर काम सुरू व्हायच्या दिवशी भांडण होतं, आणि त्यात कोळीवाड्याचीच बाजू बरोबर असते.

टप्पा ५: प्रस्ताव पाठवा, पाहणी मागा

ठराव आणि जोडपत्रं पत्तन विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे, एक प्रत सागरी मंडळाला, एक तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाला. प्रत्येक ठिकाणचा आवक क्रमांक घ्या आणि एका कागदावर लिहा. फोनवर "पाठवलंय" याला किंमत नाही. पाहणीची तारीख मिळाली की मोठ्या ओहोटीची वेळ बघून मागा, म्हणजे पायथा उघडा दिसतो.

टप्पा ६: उपाय निवडणं

हा तज्ज्ञांचा प्रांत, पण प्रश्न आपण विचारायचे. वाळूचे उंचवटे अजून शिल्लक असतील तर कुंपण घालून गाड्या बंद करणं, मर्यादवेल, केवडा लावणं, हे सगळ्यात स्वस्त आणि याला सगळ्यात कमी परवानग्या. फक्त ते मोठ्या धुपेला पुरत नाही आणि तीन-चार पावसाळे थांबावं लागतं. दगडी बंधारा मागची जमीन वाचवतो पण समोरची वाळू वाचवत नाही, उलट लाट दगडावर आपटून पायथ्याची वाळू उकरते, आणि बंधारा जिथे संपतो तिथल्या शेजाऱ्याची धूप वाढते. जाळीत भरलेले दगड खाऱ्या हवेत जाळी गंजली की मोकळे सुटतात. वाळूच्या मोठ्या पिशव्या लवकर होतात पण त्या उन्हानं आणि कापाकापीनं खराब होतात. शेवटचा रस्ता मागे सरकण्याचा, ओडिशात सातभाया गावच्या कुटुंबांना बागपतियाला हलवावं लागलं. घरं मोजकी आणि मागे गावठाणाची जागा असेल तर हा पर्यायही कागदावर मांडा, ऐकायला कठीण आहे पण हिशोबात असायला हवा.

काम मोठं असेल तर खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राकडून अभ्यास करून घेतात. त्याला वेळ लागतो आणि फी लागते, ती फी अंदाजपत्रकात वेगळी धरलीय का ते बघा.

इंजिनिअरना हे तीन प्रश्न लेखी विचारा: बंधाऱ्याच्या दोन टोकांना काय होईल, पायथा किती खोल जाईल, दगडांखाली गाळणीचा थर किंवा कापड आहे का. गाळणी नसेल तर लाट परतताना मागची माती दगडांच्या फटीतून ओढून नेते, वरून बंधारा ठणठणीत आणि मागे खड्डा.

टप्पा ७: किनारा नियमन क्षेत्राची परवानगी

६ जानेवारी २०११ आणि १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचना, यातली तुमच्या जिल्ह्याच्या मंजूर नकाशाला कुठली लागू आहे ते आधी विचारा. भरती-ओहोटीमधला पट्टा हा सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) एक-ब, त्यापुढचं पाणी चार-अ, आणि बंधाऱ्याचा पायथा नेमका तिथेच येतो. गाव सीआरझेडच्या तीन नंबरमध्ये, म्हणजे ग्रामीण पट्ट्यात आहे म्हणून परवानगी सोपी, हा समज चुकीचा. १:४००० चा स्थानिक नकाशा लागतो, भरतीरेषा मान्यताप्राप्त संस्थेनं आखलेली लागते.

> सावधान: "आपण बडोद्यातून वर्गणी काढू आणि चार ट्रक दगड टाकू" हे दरवर्षी कुणीतरी म्हणतं. परवानगीशिवाय ते पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ खाली उल्लंघन होतं, आणि नंतर सरकारी प्रस्तावात तुमचेच दगड अडचण म्हणून येतात. समोरचीच वाळू पोत्यात भरून बांध घालणं तर त्याहून वाईट, जी वाचवायची तीच उपसली.

टप्पा ८: पैसा

आता हिशोब. समजा ३०० मीटर काम आणि समजा मीटरला एक लाख, म्हणजे तीन कोटी. हा आकडा फक्त समजायला घेतलाय, खरा दर तुमच्या दरसूचीतून आणि जागेवरून येईल. एवढा पैसा एका खिशातून क्वचित येतो, म्हणून कामाचे तुकडे करून कुठला तुकडा कुठल्या निधीत बसतो ते बघायचं.

पंचायतीचा स्वतःचा पैसा: वित्त आयोगाच्या अनुदानात १५ व्या आयोगानं ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधून ठेवले होते, बाकी ४० टक्के अबंधित. यातून मोजणी, नकाशे, कुंपण, फलक एवढं होतं, बंधारा नाही. पण पंचायतीनं आधी स्वतःचे दोन लाख घातलेत हे दिसलं की वरचं दार लवकर उघडतं, हा माझा अनुभव. किनारपट्टीवरची झाडं लावणं रोजगार हमीच्या कामात धरता येतं.

जिल्हा नियोजन: लहान-मध्यम कामांचा नेहमीचा रस्ता. पालकमंत्री अध्यक्ष असतात. पुढच्या वर्षाचे आराखडे हिवाळ्यात जुळतात, त्यामुळे अंदाजपत्रक दिवाळीपर्यंत तयार नसेल तर ते वर्ष गेलं. आमदारांना भेटायचं ते या वेळी, हातात तांत्रिक अंदाजपत्रक घेऊन.

आपत्तीचा पैसा: लोक इथे दोन गोष्टी मिसळतात. राज्याच्या आपत्ती निधीचा ८० टक्के भाग मदत-प्रतिसादाला आणि २० टक्के शमनाला, म्हणजे नुकसान होण्याआधीच्या उपायांना. घर पडल्याची मदत पहिल्यातून, धूप रोखायचं काम दुसऱ्यातून. १५ व्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी राष्ट्रीय पातळीवर समुद्र आणि नदीच्या धुपेवरच्या उपायांना १,५०० कोटी आणि धुपेनं विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी वेगळे सुचवले. यात राज्याला आपला वाटा घालावा लागतो आणि प्रस्ताव राज्याकडूनच जातो, पंचायत थेट मागू शकत नाही. तुमचं काम एवढंच की जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात तुमच्या वाडीचं नाव धूपप्रवण म्हणून नोंदलेलं असलं पाहिजे. आमचं नव्हतं. कुणी मागितलंच नव्हतं. नवीन कालावधीचे नियम जिल्हा कार्यालयातून ताजे घ्या.

मोठे प्रकल्प: आशियाई विकास बँकेनं २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या किनारा आणि नदीकाठ संरक्षणासाठी ४ कोटी २० लाख डॉलरचं कर्ज दिलं, अंमलबजावणी सागरी मंडळाकडे. अशात जागा आधी ठरलेल्या असतात, अर्ज करून मध्येच शिरता येत नाही, पण पुढच्या यादीसाठी मोजमापं पाठवून ठेवा.

कंपन्यांचा सामाजिक निधी: बडोद्यात आपली बरीच मंडळी मोठ्या कंपन्यांत आहेत. नफ्याच्या दोन टक्क्यांचा तो नियम आहे, पण कंपन्या कारखान्याजवळच्या भागाला प्राधान्य देतात. बंधाऱ्याला मागू नका, अभ्यासाची फी, झाडं, मोजणी यासाठी मागा.

आणि आता ते ठरावातलं शेवटचं वाक्य. वरच्या बहुतेक निधींतून बांधकाम होतं, देखभाल होत नाही. त्याच तीन कोटींच्या कामाला वर्षाला दोन टक्के धरले तरी सहा लाख होतात आणि ते कुणाच्याच खात्यात नसतात. दोन पावसाळ्यांत चार दगड घसरतात, कुणी उचलून लावत नाही, तिसऱ्या पावसाळ्यात तिथूनच फुटतं आणि मग परत पूर्ण बंधाऱ्याचा अर्ज. पार्किंगची पावती, घरपट्टीतला ठरावीक हिस्सा, बाहेरगावच्या खातेदारांची वार्षिक वर्गणी, काहीही असो, पंचायतीच्या खात्यात वेगळं नाव देऊन ठेवा. आपली वर्गणी इथे द्या, दगडाच्या ट्रकला नको.

टप्पा ९: निविदा ते काम

प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, या क्रमानं. काम ऑक्टोबर ते मे एवढ्यातच होतं. कार्यारंभ आदेश मार्चमध्ये निघाला तर दोन महिने हातात, घाईत पायथा उथळ राहतो. अशा वेळी तुकड्यात करून घ्या, पण पहिला तुकडा टोकापासून पायथ्यासकट पूर्ण. अर्धवट उभा बंधारा पावसाळ्यात सोडणं सगळ्यात महाग.

गावानं दोन माणसं नेमा, रोज जाणारी. त्यांनी पायथ्याचा चर भरण्याआधी टेप धरून फोटो काढायचा, गाळणीचं कापड अंथरताना काढायचा, दगड अंदाजपत्रकात लिहिलेल्या वजनाचे आहेत का बघायचं. एकदा वर दगड आले की खालचं कुणालाच दिसत नाही. मोजमाप पुस्तिकेची नक्कल माहिती अधिकारात मिळते.

टप्पा १०: पहिला पावसाळा

जूनआधी, ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरला त्याच जुन्या खुणांवरून मोजा, शिवाय बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांपलीकडे शंभर-शंभर मीटर. घसरलेला दगड, मागचा खड्डा, टोकाची नवी धूप, सगळं दोषदायित्व कालावधी संपायच्या आत लेखी कळवा, त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं होते. मुदत संपायची तारीख ग्रुपच्या वर पिन करून ठेवा.

आमच्याकडे अजून सातवा टप्पा चाललाय. वही विहिरीशेजारच्या घरात आहे, दादा मोजतो, मी बडोद्यात तक्ता भरतो. यंदाच्या मेचा आकडा विहिरीपासून १४ मीटर ४० सेंटिमीटर.